वीस रुपयांची वाढ आणि रेषेचा चढ

२०१७-१८ च्या गळीत हंगामात उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, क्विंटलला २५५ रुपये होती. पुढच्या हंगामासाठी केंद्र सरकारने ती २७५ रुपये केली. वाढ वीस रुपयांची, टनाच्या भाषेत दोनशे रुपयांची. पण त्याच निर्णयात आणखी एक आकडा बदलला होता. आधीचा २५५ रुपयांचा दर साडेनऊ टक्के साखर उताऱ्याला होता, तर नवा २७५ रुपयांचा दर दहा टक्के उताऱ्याला. उतारा त्याहून जास्त निघाला तर प्रत्येक ०.१ टक्क्यामागे आधी २ रुपये ६८ पैसे जादा मिळत. आता २ रुपये ७५ पैसे मिळणार होते. कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात बारा टक्के उतारा काही अप्रुपाचा नाही. तेव्हा बारा टक्के उताऱ्याच्या उसाचा हिशेब दोन्ही सूत्रांनी करून पाहू. जुन्या सूत्राने २५५ रुपये आणि वर पंचवीस वेळा २.६८, एकूण ३२२ रुपये. नव्या सूत्राने २७५ रुपये आणि वर वीस वेळा २.७५, एकूण ३३० रुपये. वाढ झाली आठ रुपयांची. साडेनऊ टक्के उताऱ्याला २५५ चे २६१ रुपये २५ पैसे झाले, म्हणजे वाढ सव्वासहा रुपयांची. उतारा कुठलाही धरा, तेवढ्याच उताऱ्याच्या उसाला वीस रुपये वाढ मिळाली असे एकाही ठिकाणी दिसत नाही.

यात कुठेही आकड्यांची लपवाछपवी नव्हती. दर, उतारा आणि जादा रक्कम, तिन्ही गोष्टी निर्णयातच लिहिलेल्या होत्या. त्यांचा एकमेकांशी संबंध जोडून पाहणे तेवढे वाचणाऱ्यावर सोपवलेले होते. तो असा जोडता येतो. एक क्विंटल उसाला दहा टक्के उतारा म्हणजे दहा किलो साखर. त्याचे २७५ रुपये, म्हणजे उसातल्या एक किलो साखरेमागे साडेसत्तावीस रुपये. आधीच्या वर्षी साडेनऊ किलोला २५५, म्हणजे किलोला सुमारे २६ रुपये ८४ पैसे. आणि ०.१ टक्का उतारा म्हणजे क्विंटलमागे शंभर ग्रॅम साखर. तिचे २ रुपये ६८ पैसे काय किंवा २ रुपये ७५ पैसे काय, हा तोच किलोचा भाव दहाने भागलेला आहे. एफआरपी उसाला जाहीर होते, पण तिचे सूत्र साखरेच्या किलोला भाव देते, आणि तो भाव त्या वर्षी ६६ पैशांनी वाढला होता. टक्केवारीत ही वाढ अडीच टक्क्यांच्याही आतली, तर २५५ वरून २७५ ही वाढ जवळजवळ आठ टक्क्यांची दिसते. आडव्या अक्षावर उतारा आणि उभ्या अक्षावर दर घेऊन दोन्ही वर्षांचे आलेख काढले, तर साडेनऊ टक्क्यांच्या पुढे जवळजवळ चिकटून चाललेल्या दोन रेषा मिळतात, नवी रेष किंचित जास्त चढाची. जाहीर झालेली वाढ म्हणजे जुन्या रेषेवरचा साडेनऊचा बिंदू आणि नव्या रेषेवरचा दहाचा बिंदू यांच्यातला फरक. दोन रेषांची तुलना अशी तिरपी करायची नसते; ती एकाच उताऱ्यावर, सरळ उभी करायची असते.

एवढे समजायला लागणारे सगळे गणित दहावीपर्यंतच्या पुस्तकांत आहे. तरीही दहावी उत्तीर्ण झालेल्या बहुतेकांना ते या कामी वापरता येत नाही, आणि दोष त्यांच्या बुद्धीचा नसून ते गणित ज्या रीतीने तुकड्यातुकड्यांनी शिकवले जाते तिचा आहे, असे मला ठामपणे वाटते. गेल्या दशकातल्या बालभारतीच्या पुस्तकांचा क्रम पाहा. सहावीत गुणोत्तर-प्रमाणाबरोबर एकमान पद्धत येते. सातवीत समप्रमाण आणि व्यस्तप्रमाण येते. आठवीत त्याचेच 'चलन' होते आणि चलनाचा स्थिरांक भेटतो. नववी-दहावीत दोन चलांतील रेषीय समीकरणे येतात, ती गणिताच्या भाग एकमध्ये. आणि रेषेचा चढ येतो दहावीच्या भाग दोनमध्ये, निर्देशक भूमितीत, म्हणजे वेगळ्या पुस्तकात आणि वेगळ्या प्रश्नपत्रिकेत. सहावीतली 'एका वहीची किंमत', आठवीतला 'चलनाचा स्थिरांक' आणि दहावीतला 'चढ' ही एकच संख्या आहे, हे मुलाला ठासून सांगायची जबाबदारी या रचनेत कुणावरच येत नाही.

ती एकच संख्या कशी, हे थोडे सावकाश पाहायला हवे. बारा वह्यांना ४८० रुपये पडले, तर सात वह्यांना किती? मुले ४८० ला बाराने भागतात, एका वहीचे चाळीस रुपये काढतात आणि सातने गुणून २८० लिहितात. या रीतीचा गाभा भागाकार-गुणाकाराच्या खाली दडलेल्या एका गृहीतकात आहे: पहिली वही चाळीसला, दुसरीही चाळीसला, बारावीही चाळीसला. प्रत्येक पुढच्या पावलाला वाढ तेवढीच. पाढा म्हणतानाही हेच चाललेले असते. सातचा पाढा म्हणजे दर पावलाला सातने चढत जाणारे बिंदू, आणि आपल्या जुन्या शाळांत घोकून घेतली जाणारी दीडकी, अडीचकी, औटकी म्हणजे दीड, अडीच आणि साडेतीन या चढांच्या रेषांवरचे बिंदू. ते बिंदू कागदावर मांडले की सरळ रेषेत येतात, कारण चढ सगळीकडे सारखा आहे. रेष सरळ असणे आणि दर कायम असणे ही एकाच वस्तुस्थितीची दोन वर्णने आहेत. हे ज्याला उमगले त्याला चढाचे सूत्र पाठ करावे लागत नाही. उभ्या दिशेने झालेला बदल भागिले आडव्या दिशेने झालेला बदल, म्हणजे वाढलेले रुपये भागिले वाढलेल्या वह्या. ते सहावीतलेच एकमान आहे. फरक असलाच तर एवढा की सहावीत सगळे रुपये सगळ्या वह्यांनी भागले जातात, आणि दहावीत वाढलेले रुपये वाढलेल्या वह्यांनी.

हा फरक दिसायला बारीक आहे, पण सगळी मेख तिथेच आहे. सगळ्याला सगळ्याने भागलेले उत्तर आणि वाढीला वाढीने भागलेले उत्तर एकच येईल असे नाही. रेष शून्यातून, म्हणजे आरंभबिंदूतून निघत असेल तरच ती दोन्ही जुळतात. वह्यांच्या बाबतीत शून्य वह्यांना शून्य रुपये, म्हणून तिथे एकमान पद्धत बिनघोर चालते. विजेच्या बिलात ती चालत नाही. महावितरणच्या बिलावर 'स्थिर आकार' नावाची एक ओळ असते. घराला महिनाभर कुलूप राहिले आणि मीटर तसूभर हलला नाही तरी ती रक्कम भरावी लागते. शून्य युनिटला बिल शून्य नाही. त्यामुळे साठ युनिटच्या बिलाला साठने भागून आलेला 'एका युनिटचा दर' ऐंशी युनिटला लावला तर उत्तर जास्त येते, कारण स्थिर आकाराचा साठावा हिस्सा आपण प्रत्येक नव्या युनिटवरही चढवलेला असतो. इथे वाढीला वाढीने भागावे लागते. वाढ सारखी असेल तर संबंध रेषीय. आणि शिवाय सुरुवात शून्यातून असेल तर तो समप्रमाणाचा. समप्रमाणाचा प्रत्येक संबंध रेषीय असतो, पण रेषीय असलेला प्रत्येक संबंध समप्रमाणाचा नसतो. शाळेच्या गणितात या एका वाक्याला जितकी जागा मिळायला हवी तिच्या दशांशानेही मिळत नाही.

एनसीईआरटीच्या नववीच्या पुस्तकात अनेक वर्षे टॅक्सीचे एक उदाहरण होते: पहिल्या किलोमीटरला आठ रुपये, पुढच्या प्रत्येक किलोमीटरला पाच. याचे समीकरण होते भाडे बरोबर ५ गुणिले किलोमीटर अधिक ३. मुले हमखास ३ च्या जागी ८ लिहितात, कारण 'सुरुवातीचे आठ' हे शब्द कानात बसलेले असतात. पण आठ हे एका किलोमीटरचे भाडे आहे, शून्य किलोमीटरचे नव्हे. पाचच्या चढाने रेष मागे शून्यापर्यंत नेली तर ती तीनवर टेकते. आणि गंमत म्हणजे ते तीन रुपये कुणीच कधी देत नाही, कारण पहिल्या किलोमीटरच्या आत रेष लागूच होत नाही. तिथे भाडे सपाट आठ रुपये. आता याच्या शेजारी मुंबईची खरीखुरी रिक्षा ठेवा. १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या दराने पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. वरवर पाहता गोष्ट तीच: आधी ठोक रक्कम, मग दर. पण १७.१४ ला दीडने गुणा. २५ रुपये ७१ पैसे येतात, म्हणजे रुपयात पूर्ण केले की २६. किमान भाडे म्हणजे दीड किलोमीटरचे नेहमीच्याच दराने होणारे भाडे आहे, वरून लादलेली वेगळी रक्कम नाही. म्हणून दीड किलोमीटरनंतर ही रेष जवळजवळ नेमकी शून्याच्या दिशेने आलेली असते. तीन किलोमीटरला ५१ रुपये आणि सहाला १०३, अंतर दुप्पट तर भाडेही दुप्पट. पुस्तकातल्या टॅक्सीला दोन किलोमीटरला १३ आणि चारला २३ रुपये होतात, तिथे दुप्पट होत नाही. दोन्ही प्रश्न मुलाला एकाच साच्यातले वाटतात, आणि वेगळेपण कळायला एकच प्रश्न पुरतो: ही रेष मागे नेली तर शून्याला कुठे पोचते?

एफआरपीच्या सूत्राचाही आकार रिक्षासारखाच आहे, आणि हे साम्य वर्गात दाखवण्यासारखे आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी सव्वादहा टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जादा, आणि खाली तेवढेच कमी; पण साडेनऊ टक्क्यांशी ही घसरण थांबते आणि त्याखाली कितीही कमी उतारा असला तरी ३२९ रुपये ५ पैसे मिळतात. ३५५ ला १०.२५ ने भागले की किलोभर साखरेचे सुमारे ३४ रुपये ६३ पैसे येतात, आणि शंभर ग्रॅमचे ३ रुपये ४६ पैसे. म्हणजे रेष शून्याच्या दिशेची आणि साडेनऊला सपाट केलेली. रिक्षात सपाट भाग चालकाला संरक्षण देतो, उसात शेतकऱ्याला. धोरण ठरवणाऱ्यांनी कुणाला कुठे सांभाळले हे आलेखात डोळ्यांना दिसते. शब्दांत लिहिलेल्या नियमातून ते शोधायला बराच वेळ लागतो, आणि नुसत्या जाहीर झालेल्या एका आकड्यातून तर ते सापडतच नाही.

शिकलेल्या माणसाला एवढे आपोआप कळत असेल, असे कुणी म्हणेल. तसे होत नाही याचा पुरावा आहे. १९९३ मध्ये क्रेमर, पोस्ट आणि करियर या अमेरिकी अभ्यासकांनी प्राथमिक शिक्षक होऊ घातलेल्या ३३ विद्यार्थ्यांना दिलेला एक प्रश्न प्रसिद्ध केला. दोन मुली मैदानाभोवती सारख्याच वेगाने धावत आहेत, पण एक आधी निघाली आहे. पहिलीच्या नऊ फेऱ्या झाल्या तेव्हा दुसरीच्या तीन झाल्या होत्या. दुसरीच्या पंधरा फेऱ्या होतील तेव्हा पहिलीच्या किती झालेल्या असतील? वेग सारखाच, म्हणजे सहा फेऱ्यांचे अंतर कायम राहणार, उत्तर एकवीस. ३३ पैकी ३२ जणांनी प्रमाण मांडून पंचेचाळीस काढले. गुणाकार-भागाकार त्यांना उत्तम येत होता. कुठे तो करायचा नाही, हे कुणी शिकवले नव्हते. तीन संख्या दिल्या आणि चौथी विचारली की प्रमाण मांडायचे, ही सवय प्रश्न वाचण्याच्या आधी हाताला लागलेली होती.

बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठातील द बॉक, व्हॅन डूरेन, व्हरशाफेल आणि त्यांचे सहकारी यांनी या सवयीचा पाठपुरावा अनेक वर्षे केला. त्यांच्या एका प्रश्नात शेतकऱ्याला २०० मीटर बाजूच्या चौरस शेताला खत घालायला सुमारे आठ तास लागतात. ६०० मीटर बाजूच्या चौरसाला किती लागतील? बाजू तिप्पट म्हणजे क्षेत्र नऊपट, तेव्हा ७२ तास. पण बारा-तेरा वर्षांच्या जवळजवळ सगळ्या मुलांनी चोवीसच्या बाजूने कौल दिला. माझ्या मते त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष २००५ च्या त्यांच्या अभ्यासाचा आहे. दुसरीपासून आठवीपर्यंतच्या मुलांना त्यांनी प्रमाणाचे आणि प्रमाण न चालणारे असे दोन्ही प्रकारचे प्रश्न सोडवायला दिले. प्रमाण जिथे चालते तिथले यश इयत्तेबरोबर वाढत गेले, हे अपेक्षितच होते. पण प्रमाण जिथे चालत नाही तिथे ते लावण्याची चूकही पाचवीपर्यंत वाढत गेली आणि त्यानंतरच ओसरू लागली. म्हणजे शाळेत प्रमाण शिकवले जाते नेमके त्याच वर्षांत ही चूक फोफावते. ज्या लहान मुलाला एकमान माहीत नसते, तो धावणाऱ्या मुलींच्या प्रश्नात फरक मोजून बरोबर उत्तर काढू शकतो. एकमान शिकल्यावर तेच मूल चुकू लागते. रीत शिकवली आणि तिची हद्द शिकवली नाही, तर शिकण्यातून समजेत तात्पुरती का होईना घट होते, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळते.

इथे उलट बाजूचा एक पुरावा मांडायला हवा, कारण तो वजनदार आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात टेरेझिन्या कॅराहर, डेव्हिड कॅराहर आणि ॲनालुसिया श्लीमन यांनी रस्त्यावर विक्री करणाऱ्या नऊ ते पंधरा वर्षांच्या पाच मुलांचा अभ्यास केला. तो १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक म्हणून विचारलेल्या हिशेबांची ९८.२ टक्के उत्तरे बरोबर आली. तेच हिशेब शाब्दिक उदाहरणे म्हणून कागदावर दिले तेव्हा ७३.७ टक्के, आणि नुसती आकडेमोड म्हणून दिले तेव्हा ३६.८ टक्के. ३५ क्रुझेरोला एक याप्रमाणे दहा नारळांची किंमत एका मुलाने काढली ती अशी: तिनांचे १०५, आणखी तिनांचे म्हणजे २१०, आणखी तीन म्हणजे ३१५, आणि एक, म्हणजे ३५०. एकाचा भाव त्याला ठाऊक होता, तरी त्याने दहाने गुणले नाही. त्याने ओळखीच्या गठ्ठ्याची भर घातली. यावरून काही जण म्हणतात की मुलांना हे मुळातच येते, शाळेने फक्त बिघडवू नये. त्यांच्या म्हणण्यात निम्मे तथ्य आहे. सारख्या गठ्ठ्यामागे सारखी भर ही रेषेची जाण त्या मुलाकडे होती, आणि शाळेने तिथूनच सुरुवात करायला हवी. पण नारळाच्या व्यवहारात शून्य नारळांना शून्य पैसे असतात. गठ्ठे जोडण्याची त्याची रीत त्यामुळेच बरोबर ठरते. तीच रीत स्थिर आकाराच्या बिलाला लावली तर प्रत्येक गठ्ठ्याबरोबर तो आकार पुन्हा पुन्हा जोडला जाईल. बाजार ही हद्द दाखवत नाही, कारण बाजारात तिची गरज सहसा पडत नाही. ती दाखवणे हे शाळेचे काम.

आपल्याकडच्या जुन्या गणितकारांना ही हद्द दिसत होती. तीन ज्ञात राशींवरून चौथी काढण्याची रीत, त्रैराशिक, आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमाराच्या 'आर्यभटीया'त दिली, ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये. भास्कराचार्यांच्या ११५० च्या 'लीलावती'त तर अंकगणिताचा मोठा भाग त्रैराशिकाचाच विस्तार मानला आहे. दिलेली राशी म्हणजे प्रमाण, तिच्याबरोबरचे फल, विचारलेली राशी म्हणजे इच्छा, आणि काढायचे ते इच्छाफल. एकजातीच्या राशी कडेला आणि भिन्न जातीची मध्ये, अशी मांडणीची शिस्त होती. त्याहून मोलाचे हे की भास्कराचार्य व्यस्त त्रैराशिक देताना ते कुठे लावायचे ते प्रकारही सांगतात: जनावराचे वय आणि किंमत, सोन्याचा कस आणि वजन, निरनिराळ्या मापांनी मोजलेल्या राशी. म्हणजे रीतीच्या आधी परिस्थिती ओळखायची. जनावराच्या किमतीचा त्यांचा नियम आज कुणी अचूक मानणार नाही, पण प्रश्नाची जात ओळखल्याखेरीज सूत्राला हात लावायचा नाही ही शिस्त अचूकच आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ स्थापल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. हे गणित खानदेशात शिकवले जात होते. ते आपल्याला परके नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला, सर्वांत प्रामाणिक आक्षेप शिक्षकांचा असतो: सहावीच्या मुलाला एकमान पद्धतच जेमतेम जमते, त्यात 'कुठे चालत नाही' हे घातले तर जमलेलेही विस्कटेल. ही भीती खोटी नाही. नवी रीत हाताशी यायला सरावाच्या सारख्या उदाहरणांचा काही काळ लागतोच. पण माझे म्हणणे चढ आणि समीकरणे सहावीत आणा असे नाही. दहा उदाहरणांत दोन अशी असावीत की जिथे एकमान चालत नाही, आणि उत्तर काढण्याऐवजी 'इथे ही रीत का लागू नाही' हे एका ओळीत लिहायचे असावे. एका गवयाला गाणे म्हणायला चार मिनिटे लागतात, तर चार गवयांनी मिळून तेच गाणे म्हणायला किती? दहा वर्षांची मुलगी चार फूट उंच आहे, तर वीस वर्षांची झाल्यावर किती उंच असेल? दहा-अकरा वर्षांची मुले यावर हसतात, आणि त्या हसण्यात सगळे शिक्षण असते: गृहीतक तपासायला हवे हे त्यांना कुणी न सांगता कळते. लूव्हेनचा पुरावा पाहता हे पुढे ढकलणेच महाग पडते.

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा: जग कुठे सरळ रेषेत चालते? विजेच्या दराला टप्पे आहेत, प्राप्तिकराला टप्पे आहेत. मग रेषेचे इतके कौतुक कशाला? पण टप्पे म्हणजे रेषेचेच जोडलेले तुकडे, आणि रेष न समजल्यामुळेच टप्प्यांविषयीचा सर्वांत टिकाऊ गैरसमज पसरलेला आहे. २०२५-२६ च्या नव्या कररचनेत बारा ते सोळा लाखांच्या उत्पन्नावर पंधरा टक्के आणि सोळा ते वीस लाखांवर वीस टक्के कर आहे. करपात्र उत्पन्न सोळा लाख दहा हजार झाले तर वीस टक्के फक्त वरच्या दहा हजारांना लागतात, म्हणजे उपकर सोडून दोन हजार रुपये. सगळ्या सोळा लाखांना वीस टक्के लागतील या धास्तीने पगारवाढ नकोशी वाटणारी माणसे चढ आणि उंची यांची गल्लत करत असतात. सोळा लाखांशी रेषेचा चढ बदलतो, पण तिथे रेष तुटून वर उडी मारत नाही. सरासरी दर आणि पुढच्या रुपयावरचा दर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतला फरक म्हणजे वर सांगितलेला सगळ्याला सगळ्याने भागणे आणि वाढीला वाढीने भागणे हाच.

तिसरा आक्षेप असा की आता हे सगळे यंत्र करून देते. पाकिटबंद मालाच्या नियमांत २०२१ च्या दुरुस्तीने एककाची विक्री किंमत छापण्याची तरतूद आली. पाकिटावरच ग्रॅमचा किंवा किलोचा भाव दिसतो. रिक्षाचे भाडे मीटर सांगतो. हे चांगलेच झाले. पण छापलेला दर फक्त भागाकार वाचवतो. वरच्या प्रत्येक उदाहरणात अडचण भागाकाराची नव्हतीच. २०१८ चा एफआरपीचा निर्णय हातात घेऊन बसलेल्या माणसाला गणकयंत्र हवे होते ते शेवटच्या पायरीला. त्याआधी उसाच्या क्विंटलला भागायचे की साखरेच्या किलोला, आणि कुठल्या बिंदूची कुठल्या बिंदूशी तुलना करायची, हे त्याचे त्यालाच ठरवायचे होते.

परीक्षेच्या रचनेत बदल केल्याशिवाय यातले काही वर्गात उतरणार नाही, हेही मान्य करायला हवे. ज्याला गुण नाहीत ते शिकवले जात नाही. पण त्यासाठी अभ्यासक्रमात नवे प्रकरण घालण्याची गरज नाही. असलेल्या प्रकरणांना जोडणारे प्रश्न पुरेत. आठवीच्या चलनाच्या प्रकरणात महावितरणचे एक जुने बिल छापून विचारता येईल: इथे युनिट आणि रक्कम यांच्यात समचलन आहे का, नसेल तर का नाही? दहावीत रेषीय समीकरणे आणि चढ एकाच प्रश्नात आणता येतील: एफआरपीचा आलेख द्या, साडेनऊच्या अलीकडे आणि पलीकडे चढ किती ते विचारा, त्याचे एकक काय ते विचारा, आणि रेष मागे वाढवली तर आरंभबिंदूतून जाते का हे तपासायला सांगा. एककाचा आग्रह विशेष महत्त्वाचा आहे. 'चढ ३४.६३' हे उत्तर अर्धे. 'उसातल्या किलोभर साखरेमागे ३४ रुपये ६३ पैसे' हे उत्तर पुरे. मराठवाड्यातल्या किंवा पश्चिम महाराष्ट्रातल्या शाळेत हा प्रश्न सोडवणाऱ्या मुलांपैकी कित्येकांच्या घरी कारखान्याची बिले येतच असतात; त्यांतून तोडणी-वाहतूक वजा होऊन टनाला किती उरले, आणि गेल्या हंगामापेक्षा खरी वाढ किती, हा हिशेब त्या मुलांना घरी वडिलांना करून दाखवता येईल.